पोरांना पहिल्यांदा फेजंटच्या शिकारीला नेताना

गवत्या

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो, की शनिवारी पोरांना घेऊन फेजंटच्या शिकारीला जायचंय. त्यावर चार व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. दोघांना आपापल्या मुलांना पाठवायचं होतं, एकीला मला चार शब्द सुनवायचे होते आणि एकाला रेसिपी हवी होती. चौघांना इथेच उत्तर देतो.

फेजंट हा मोर, रानकोंबडा, तित्तर, लावा यांच्याच कुळातला पक्षी. नर तांबूस-सोनेरी, मान हिरवी-निळी, गळ्यात पांढरं कडं, शेपूट हातभर. मादी मात्र वाळल्या गवताच्या रंगाची. मूळचा चीनकडचा. १८८० च्या दशकात शांघायच्या अमेरिकन वकिलातीतल्या डेनीसाहेबांनी काही पक्षी बोटीने ऑरेगॉनला धाडले. पुढे हा पक्षी अमेरिकेच्या मधल्या मैदानी राज्यांत असा काही रुळला, की आमच्या शेजारच्या साउथ डकोटाने त्याला राज्यपक्षीच करून टाकलं.

आमच्या मिनेसोटात ऑक्टोबरच्या मध्याला हंगाम उघडतो. दिवसाला माणशी दोन पक्षी, डिसेंबरपासून तीन. सकाळी ९ च्या आधी बार काढायचा नाही. आणि फक्त नर. एका नरामागे अनेक माद्या असतात, त्यामुळे नर मारले म्हणून पुढच्या वर्षी पिल्लं कमी होत नाहीत. गवत नांगरलं गेलं की मात्र होतात.

आता पोरांचं. इथे १९७९ नंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. मी ८१ चा. म्हणजे वयाच्या पस्तिशीत बारा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून मी ती परीक्षा दिली, आणि माझ्या बाजूच्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. प्रमाणपत्राशिवाय नवख्याला जाणत्या माणसासोबत जाण्याची एक सवलत आहे, पण ती आयुष्यात दोनच हंगाम मिळते.

मी ज्या गटाबरोबर जातो तिथे एका मुलामागे एक मेंटर असा हिशेब असतो. मेंटरच्या हातात बंदूक नसते. आई किंवा वडील सोबत, त्यांच्याही हातात नसते. मुलाकडे २० गेजची (बारीक नळीची), आखूड दस्त्याची शॉटगन, आणि तिच्यात एकच काडतूस. दुसरं माझ्या खिशात. सगळ्यांच्या अंगावर झगझगीत नारिंगी जाकिटं. पुढे कुत्रा गवत हुंगत चालतो. आम्ही एका ओळीत, एकमेकांना दिसत राहू असे. मोठ्यांच्या शिकारीत गवताच्या टोकाला माणसं उभी करतात आणि बाकीचे हाका घालत त्यांच्याकडे जातात. पोरांसोबत हा प्रकार आम्ही करत नाही, कारण मग समोरासमोर बंदुका येतात. नियम एकच, आणि तो मी सकाळपासून वीस वेळा म्हणवून घेतो: पक्ष्याच्या खाली आभाळ दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. पक्षी खाली असला तर समोर कुत्रा आहे, माणूस आहे, रस्ता आहे.

फेजंट उठतो तेव्हा काय होतं ते लिहून कळणार नाही. दोन हातांवरून, पायाखालून म्हणा ना, फडफडाट आणि कर्कश कॅक-कॅक करत तो सरळ वर जातो. पहिल्यांदा बहुतेक पोरं नुसती बघत उभी राहतात. बंदूक खांद्याला लागतच नाही. मला तेच आवडतं.

मुद्द्याचं आता सांगतो. तिसऱ्या वर्षी माझ्यासोबत बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने पहिल्याच बारात नर पाडला. मी मोठ्याने ओरडलो, पाठ थोपटली, फोन काढला. कुत्रा पक्षी घेऊन आला तर तो जिवंत होता. पंख तुटलेला, डोळा उघडा. मुलाने विचारलं, "काका, आता?" मी घाईघाईत त्याच्याकडे पाठ करून मान मुरगळली, आणि वळून म्हणालो, चल, फोटो. त्याने पक्षी हातात धरला, फोटोही दिला. त्या फोटोत त्याचे दात दिसताहेत, पण ते हसणं नाही. घरी जाताना गाडीत तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांना फोन केला, तर म्हणाले की त्याचं आता फुटबॉल सुरू झालंय.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. एक, बंदुकीच्या आधी पोराला एकदा नुसतंच नेतो. सप्टेंबरात, कुत्र्यासोबत, गवतात. आणि घायाळ पक्षी हाती आला तर काय करावं लागतं हे त्याच वेळी स्पष्ट सांगतो. ऐकून नको म्हणणारी पोरं असतात, त्यांनी कुत्रा सांभाळावा. दोन, पक्षी पडला की मी तोंड बंद ठेवतो. आधी पोर काय बोलतं ते ऐकायचं. फोटो त्याने मागितला तर.

आणि तिसरी गोष्ट, जी आयोजकांना मी दर वर्षी सांगतो आणि ते दर वर्षी मान डोलावतात. एका दिवसाच्या जत्रेने काही होत नाही. टोपी, टी-शर्ट, हॉट डॉग, सोडलेले पाळीव फेजंट, आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. शिवाय येणाऱ्यांत निम्मी पोरं अशी, की ज्यांचे वडील-आजोबा शिकारीच आहेत. ती आमच्याशिवायही शिकली असती. ज्याच्या घरात कुणीच शिकारी नाही, त्याला नोव्हेंबरात दुसरा फोन कोण करणार? तो फोन झाला नाही तर पहिला दिवस फुकट.

शंकासुर

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. प्रतिसादांची शंभरी नक्की.

तृणपर्णी

व्यनि करणारी मीच, तेव्हा इथेही लिहिते. लेख प्रामाणिक आहे, त्याबद्दल धन्यवाद. पण त्या मुलाचा प्रसंग वाचून मला उलटाच प्रश्न पडला. बारा वर्षांच्या पोराला जे पाहून गप्प व्हावंसं वाटलं, ते त्याने का सहन करायला शिकावं? मी पुण्यात शाळेच्या मुलांना भिगवणला, सासवडच्या माळावर पक्षी दाखवायला नेते. दुर्बिणीतून धाविक पक्षी बघताना पोरं श्वास रोखून धरतात. तोच थरार, तीच शांतता, आणि शेवटी कुणाची मान मुरगळावी लागत नाही.

आणि "नर मारले तरी चालतात" हा हिशेब मला कोरडा वाटतो.

गवत्या

तृणपर्णी, कोरडा आहेच. मी तो मुलांना सांगतो, कारण नियम का आहे ते त्यांना कळायला हवं. त्याने कुणाचं मन निवावं असा माझा दावा नाही.

तुमच्या प्रश्नाला माझं अर्धंच उत्तर आहे. मी कोंबडी खातो, माझी पोरं खातात. ती कुणीतरी मारलेली असते. हे मी एकदा स्वतः करून पाहिलं आणि त्यानंतर घरात मटण टाकून देणं बंद झालं. जो शाकाहारी आहे त्याला हे उत्तर लागू नाही, आणि त्याच्याशी मी वाद घालत नाही.

बाकी अर्धं जमिनीचं. आम्ही ज्या सरकारी पाणथळ गवताळ तुकड्यांवर जातो, त्यांतले पुष्कळसे बदकांच्या तिकिटाच्या, म्हणजे डक स्टॅम्पच्या, पैशातून विकत घेतलेले आहेत. १९३४ पासून हे तिकीट आहे, सध्या २५ डॉलरला, आणि सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला घ्यावंच लागतं. बंदुका-काडतुसांवर वेगळा कर आहे, तो १९३७ च्या कायद्यापासून राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मिनेसोटातलं मूळ गवताळ रान आता जेमतेम एक-दोन टक्के उरलंय, बाकी सगळा मका आणि सोयाबीन. त्या तिकिटाच्या तुकड्यांवर मेडोलार्क आणि बॉबोलिंक घरटी करतात, त्यांना कुणी मारत नाही. माझ्या ओळखीचे काही पक्षीनिरीक्षकही दर वर्षी तिकीट घेतात, कधीही बंदूक न धरता. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

एक मात्र तुमच्या बाजूने: शिशाचे छर्रे. जखमी सावज किंवा आतडी गरुडांनी खाल्ली की शिसं त्यांच्या पोटात जातं. मिनेसोटा विद्यापीठाच्या शिकारी पक्ष्यांच्या दवाखान्यात असे गरुड वर्षानुवर्षं येताहेत. बदकांसाठी शिसं देशभर १९९१ पासून बंद आहे, आणि त्या पाणथळ तुकड्यांवर फेजंटलाही चालत नाही. इतर बऱ्याच ठिकाणी चालतं. आमच्या पोरांना आम्ही कुठेही पोलादाचेच छर्रे देतो.

वऱ्हाडी_ठेचा

मी १९५७ चा, अमरावतीकडचा. आजोबांची ठासणीची बंदूक होती, लायसनची. मला त्यांनी दोन वर्षं फक्त पिशवी धरायला लावली. पिशवीत पाण्याची बाटली, भाकर, ठेचा आन् मारलेले तितर. पुढं चालायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर रुमाल तोंडात. मेंटर वगैरे शब्द नव्हता, पण तुमचं "आधी नुसतंच नेतो" वाचलं आन् पिशवी आठवली.

बंदुकीला हात लावायची पाळी यायच्या आधी १९७२ चा वन्यजीव कायदा आला. आजोबांनी बंदूक जमा केली, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सवयीनं धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) जाऊन बसले. तितर बोलत होते. "आता मोजतो," म्हणाले. खरंच मोजायचे, घरी येऊन आकडा सांगायचे. आता त्या धुऱ्यावर तितर ऐकू येत नाही. कायदा नसलेल्या काळात होते अन् कायदा आल्यावर गेले. कायद्यानं नाही गेले, धुरे ट्रॅक्टरनं मोडले म्हणून गेले, एवढं मलाही कळतं.

पाटवडी

+१ ठेचाभाऊ. वेगळा धागा काढा यावर.

माळावरचा

धागा आवडला, पण एक गोष्ट खुपली म्हणून लिहितो. मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्या गावच्या बाजारात पारधी बायका तित्तर-लाव्हे आणायच्या. त्यांची पोरं सहा-सात वर्षांची असल्यापासून बापासोबत फासे मांडायला जात. घोड्याच्या केसांचे फास, बोलका तित्तर पिंजऱ्यात ठेवून बाकीच्यांना बोलवायची युक्ती, पायवाट कुठली आणि चरायची जागा कुठली हे ओळखणं. याहून मोठं "मेंटर्ड आउटिंग" कुठलं? त्या ज्ञानाला काय मिळालं? १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो १९५२ ला कागदावरून पुसला. कागदावरूनच. आजही गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर जातात.

तुमच्याकडे तेच काम टोपी आणि टी-शर्ट देऊन शिकवतात, खातं पैसे देतं. मी गवत्यांना दोष देत नाही. पण शिकार "संस्कार" कधी होते आणि "गुन्हा" कधी, हे पक्ष्यावरून ठरत नाही, धरणाऱ्यावरून ठरतं.

गवत्या

माळावरचा, याला माझ्याकडे उत्तर नाही. इथेही हा प्रश्न आहे. मी ज्या गवतात फिरतो ती डकोटा लोकांची जमीन होती आणि सकाळच्या सूचनांत त्यांचं नाव कुणी घेत नाही. मीही कधी घेतलं नव्हतं.

रोजची_घाई

थोडं खाली येऊ का, जमिनीवर? आम्ही ट्विन सिटीजमध्ये (मिनियापोलिस-सेंट पॉल). नवरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), मी आणि मुलगी एच-४ (त्याच्या कुटुंबाचा). मुलगी चौदाची. तिच्या मैत्रिणीच्या घरी सगळे शिकारी, त्यामुळे गेलं वर्षभर तिचा हट्ट चालू आहे. मला बंदुकीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण तिला नाही म्हणायला माझ्याकडे भीतीशिवाय कारण नाही. व्हिसावर असताना हे चालतं का? आणि मुली असतात का हो तिथे?

डॉलरमामा

व्हिसाचं नीट वाचा. इथल्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात बंदी आहे. एच-१बी, एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१ सगळे त्यात आले. अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार-परवाना. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. म्हणजे वाट आहे, पण आधी परवाना आणि मग बंदुकीला हात, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. "मित्राने सहज हातात दिली, नेमबाजीच्या सरावाच्या दोन मातीच्या तबकड्या फोडल्या" हेही त्यात येऊ शकतं. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, शंभर-दोनशे डॉलर जातील, जाऊ द्या. पुढे ग्रीनकार्डच्या वेळी त्रास नको.

गवत्या

मामांना अनुमोदन, आणि माझी चूक की हे मी वर लिहिलं नाही. मी नागरिक झाल्यावर सुरुवात केली, त्यामुळे डोक्यातच आलं नाही.

मुली असतात. या वर्षी माझ्या गटात पाचांपैकी दोन. अडचण कपड्यांची येते, मुलग्यांच्या मापाचं जाकीट खांद्यावर ढगळ बसतं आणि दस्ता त्यात अडकतो. तेवढं बघून घ्या. भीतीबद्दल: तिच्या बंदूक-सुरक्षा वर्गाला तुम्हीही बसा. ती भीती तशीच राहू द्या, फक्त कशाची भीती बाळगायची ते तिथे नेमकं कळतं.

अजून एक, कुठल्याच वर्गात न सांगितलेलं. हंगाम संपला की जाकिटाचे खिसे उलटे करा. माझ्या मुलाच्या खिशात एक रिकामं काडतूस राहिलं आणि जाकीट शाळेत गेलं. पुढचे तीन तास मी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसून होतो. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, या देशात शाळेत काडतूस दिसल्यावर दुसरं काय करणार? पण पोर रडवेलं झालं होतं. आता माझ्या गराजमध्ये खुंटीवर पाटी आहे: खिसे.

शंकासुर

शंभरी दूरच, सगळे शहाण्यासारखे बोलताहेत. निराशा झाली. रेसिपी तरी येऊ द्या, तो चौथा व्यनि माझा होता.

पाटवडी

मी देते, आमच्याकडे शेजारचा आजोबा दर वर्षी दोन आणून देतो. गावठी कोंबडीच समजा, पण त्याहून कोरडी. चरबी नावाला नाही. छाती आणि पाय वेगळे करायचे, एकत्र शिजवलेत तर एक वातड नाहीतर दुसरं भुसा. छाती रात्रभर मिठाच्या पाण्यात, सकाळी निथळून दही-आलं-लसूण लावून तव्यावर झटपट. पाय आणि सांगाडा मात्र रश्श्यात, मंद आचेवर दोन तास तरी. खालच्या तंगडीत काड्यांसारख्या ताठ शिरा असतात, त्या शिजल्यावर ओढून काढायच्या. खोबरं-तीळ-खसखस भाजून काळं वाटण, कांदा-लसूण मसाला. कट वर आला पाहिजे.

छर्रे! मांसात छोटं भोक दिसलं की बोटाने चाचपायचं. छर्रा जाताना पिसं आत ओढून नेतो, तीही काढायची. पोलादाच्या छर्‍यावर आमच्या ह्यांची दाढ गेलीय, दातांच्या डॉक्टरचं बिल फेजंटपेक्षा महाग.

गवत्या

आणि घरी पोचेपर्यंत पक्षी पूर्ण सोलू नका. डोकं, पाय किंवा पिसांसकट पंख, काहीतरी एक राहू द्यावं लागतं, म्हणजे वाटेत वन्यजीव खात्याच्या वॉर्डनने थांबवलं तर नर आहे हे दाखवता येतं.

तृणपर्णी

पुन्हा आले. दोन दिवस विचार करत होते. सालिम अलींची गोष्ट आम्ही प्रत्येक शिबिरात सांगतो: लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ही कुठली म्हणून मामांना विचारलं, मामांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं, तिथे मिलार्डसाहेबांनी ओळख पटवली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. आम्ही गोष्ट सांगताना चिमणी पाडल्याचं पटकन उरकतो आणि खण उघडण्यापाशी रेंगाळतो. मामा स्वतः शिकारी होते हे तर सांगतच नाही. तुमचा धागा वाचल्यावर ते जाणवलं. माझं मत बदललेलं नाही, मी मुलांच्या हातात दुर्बीणच देईन. पण गोष्ट यापुढे पुरी सांगेन.

आणि त्या मुलाला पुन्हा फोन केलात का? वडिलांना नव्हे, त्याला.

गवत्या

नाही केला. आता तो सोळाचा असेल. काय म्हणू हे सुचत नाही म्हणून राहिलं. बघतो.

रोजची_घाई

अपडेट: वकिलाशी बोलले, मामा म्हणाले तसंच आहे. मुलीचा ऑनलाइन भाग झाला, मैदानातली परीक्षा शनिवारी झाली. त्यात लाकडी कुंपण ओलांडायला लावतात. ती बंदूक हातात घेऊनच चढायला लागली आणि तिथल्या आजोबांनी थांबवलं. आधी बंदूक रिकामी करायची, कुंपणाखालून पलीकडे आडवी ठेवायची, नळी आपल्यापासून दूर, आणि मग चढायचं. दुसऱ्या खेपेला बरोबर केलं, पास झाली. मी मागच्या बाकावर होते. भीती आहे अजून, पण आता ती कुंपणापाशी आहे असं म्हणू.

तुमचं ते कुत्र्यासोबत नुसतं फिरायचं, त्याला येऊ का आम्ही दोघी? हंगामाचं नंतर बघू. आणि बूट कुठले घ्यायचे?

गवत्या

या की. पाऊस नसला तर येत्या रविवारी जाऊ. बूट घेऊ नका, सहा महिन्यांत लहान होतील. गराजमध्ये पोरांचे जुने तीन जोड पडलेत, मापाचा नंबर व्यनि करा. मोजे मात्र लोकरीचे आणा, पाणकणसाच्या दलदलीत पाय जातोच.